फटफटीवरचें घड्याळ

वेळेच्या बाबतींत मी फार काटेकोर आहें, असें आमच्या महाविद्यालयांत बोललें जातें. हें बोलणें कानांवर आलें म्हणजे मी विषय बदलतों. पण तें मला मनांतून आवडतें, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं. प्राध्यापकाला कीर्ति मिळण्याचे मार्ग थोडे. ग्रंथ लिहावा तर तो प्रकाशकाच्या कोठारांत झोपीं जातो. व्याख्यान द्यावें तर श्रोते झोपीं जातात. वक्तशीरपणाला मात्र प्रतिभा लागत नाहीं, व्यासंग लागत नाहीं; एक चालतें घड्याळ असलें म्हणजे पुरतें. माझी ही कीर्ति तेरा वर्षें ज्या घड्याळाच्या आधारावर उभी होती तें माझ्या मनगटावर नव्हतें, कीं दिवाणखान्याच्या भिंतीवर नव्हतें. तें माझ्या फटफटीवर होतें.

‘मोटार-सायकल’ हा शब्द मला ठाऊक आहे. परंतु लहानपणीं सारी आळी जिला फटफटी म्हणे तिला या वयांत नवें नांव द्यावयाचें माझ्या जिवावर येतें. माझी फटफटी म्हणजे १९९४ सालीं, नोकरींत कायम झाल्याच्या आनंदांत घेतलेली साडेतीनशें सी. सी. ची बुलेट. बुलेट हें नांव इंग्लंडांत १९३२ पासूनचें. रेडिचच्या ज्या कारखान्यानें तिला जन्म दिला त्याचीं दारें पुढें बंद झालीं. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथें १९५५ सालीं निघालेली शाखा मात्र तीच गाडी, जवळजवळ त्याच रूपांत, काढीत राहिली. खोड वठलें तरी पारंबी जगावी, तसा हा प्रकार. इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला ही गाडी आपल्या नात्यांतली वाटली, यांत नवल तें काय?

माझ्या गाडीला बटण दाबून सुरू होणें ठाऊक नाहीं. अँमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबावयाची, डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टनला अडचणीच्या जागेंतून किंचित् पुढें न्यावयाचें, आणि मग अंगांतलें सगळें वजन पायावर टाकावयाचें. ही संध्या यथासांग झाली तर देवी प्रसन्न होते. एखादा मंत्र चुकला तर घोट्यावर प्रसाद मिळतो. या नित्यकर्मामुळें यंत्रांविषयीं माझ्या मनांत एक आत्मविश्वास उत्पन्न झालेला आहे. हा आत्मविश्वासच या हकीकतींतला खरा आरोपी.

फटफटीवर घड्याळ असण्याची आपल्याकडे रीत नव्हती. बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें १९७३ सालीं आर-९० एस नांवाची जी गाडी काढली तिच्या पुढल्या लहानशा आवरणांत घड्याळ आणि व्होल्टमापक शेजारीं शेजारीं बसविलेलीं असत. पण तसल्या गाड्या आम्हीं चित्रांतच पाहावयाच्या. माझें घड्याळ मला २००९ सालीं पुण्याच्या जुन्या बाजारांत मिळालें. बुधवारीं आणि रविवारीं भरणाऱ्या या बाजारांत गोणपाटावर काय काय मांडलेलें असतें याची यादी करूं लागलों तर मूळ विषय राहून जाईल. गंजलेले पाने, पितळी नळ, तबकड्यांचे टेलिफोन यांच्या गर्दींत तें पडलेलें होतें: काळी तबकडी, पांढरे आंकडे, आणि खालीं बारीक अक्षरांत ‘कीन्झ्ले’ हें नांव. काळ्या अरण्याच्या कडेच्या श्वेनिंगेन गांवचें हें घराणें. मोडींत निघालेल्या कोणत्या तरी परदेशी मोटारींतून तें येथवर आलें असावें. विकणारानें साडेचारशें सांगितले, मीं शंभर म्हटलें, आणि दोनशें रुपयांवर उभयतांचें समाधान झालें.

एका वेल्डिंगवाल्याकडून पट्टी करून घेऊन मीं तें स्पीडोमीटरच्या बाजूस बसविलें, आणि त्याची तार किल्लीच्या वाटेनें न नेतां थेट बॅटरीला जोडली. म्हणजे गाडी बंद असली तरी काळ चालूच राहावा. त्याची रचना मला त्या वेळीं अर्धवट समजली होती; पुरी समजण्यासाठीं पुढें जी किंमत पडली तिची ही गोष्ट आहे. हें घड्याळ म्हटलें तर विजेचें, म्हटलें तर चावीचें. कांटे चालतात ते साध्या घड्याळाप्रमाणें स्प्रिंगच्या जोरावर. पण ही स्प्रिंग इतकी तोकडी, कीं दोन-तीन मिनिटांत तिचा दम सरतो. दम सरतांच तिच्याबरोबर फिरणारा एक दांडा खालच्या पॉइंटला टेकतो, वीज वेटोळ्यांतून वाहते, लोहचुंबक जागा होतो आणि दांड्याला असा तडाखा देतो कीं स्प्रिंग पुन्हां ताणली जाते व पॉइंट सुटून वीज थांबते. बाहेर आपल्याला ऐकूं येतें तें एक ‘टक्’. रात्रीं सगळें निजल्यावर हें ‘टक्’ खिडकींतून आंत येई, आणि आमच्या घरांतून त्यावर शेरा होई, “अहो, तुमची ती सवत पुन्हां बोटें मोडतेय.”

तेरा वर्षें या संसारांत कांहीं बिघडलें नाहीं. रोज सकाळीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून सात वाजून पांच मिनिटांनीं प्रादेशिक बातम्या लागतात. त्यापूर्वीं घरांतून निघून मीं घड्याळाचा कांटा रेडिओच्या वेळेवर आणून ठेवावा, हा परिपाठ. बहुधा मिनिटाच्या आंतबाहेरचाच फरक असे. मनगटी घड्याळ मीं सोडून दिलें. फोन मी महाविद्यालयांत बंद ठेवतों, कारण विद्यार्थ्यांना जें करूं नका म्हणून सांगावयाचें तें स्वतः करूं नये. या नियमाचा मला अभिमान होता. त्याचा उल्लेख पुढें येईल.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं उभयतां मुलीकडे बंगळूरला गेलों आणि दीड महिना राहिलों. परत येऊन पाहतों तों बॅटरी मेलेली आणि घड्याळ बंद. बॅटरी भरून आणली, घड्याळ हलेना. एखाद्या शहाण्या माणसानें तें घड्याळजीकडे नेलें असतें. पण बुलेटचे पॉइंट अठ्ठावीस वर्षें स्वतःच्या हातानें घासणाराला घड्याळाचे पॉइंट घासतां येऊं नयेत, हें मला पटेना. जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरलें, स्वयंपाकघरांतून स्क्रूंसाठीं दोन वाट्या घेतल्या (त्या तत्क्षणीं परत मागण्यांत आल्या, मग चहाच्या बशीवर भागविलें), आणि मागची तबकडी उघडली.

दोष दिसावयास वेळ लागला नाहीं. आंत विजेच्या वाटेवर एक लहानसा सांधा असतो. तो लवकर वितळणाऱ्या डाखेनें मुद्दाम जोडलेला असतो. तो सुटलेला होता. कां सुटला, हें पदार्थविज्ञानाच्या माझ्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं चहा पितां पितां सांगितलें. दीड महिन्यांत बॅटरी उतरत गेली. चुंबकाचा तडाखा दुबळा झाला. शेवटीं एकदां दांडा पॉइंटला टेकला तो सुटलाच नाहीं. वीज वाहत राहिली, वेटोळें तापूं लागलें, आणि तें जळून खाक होण्यापूर्वीं सांध्याची डाख वितळून वाट मोडली. म्हणजे घड्याळ बिघडलें नव्हतें. त्यानें आपला जीव वाचविला होता. या योजनेचें मला कौतुक वाटलें, आणि तें वाटत असतांनाच मीं ती योजना हाणून पाडली. घरांत असलेल्या साध्या सोल्डरनें, म्हणजे त्याहून पुष्कळ जास्त उष्णतेला वितळणाऱ्या डाखेनें, तो सांधा मीं पक्का करून टाकला. पॉइंट बारीक पॉलिश-कागदानें घासले. मग वाटलें, इतकें उघडलेंच आहे तर थोडें तेल घालावें. घरांत शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती. तिच्या नळीनें मीं प्रत्येक चाकाच्या बुडाशीं उदार हातानें एकेक थेंब सोडला. एक थेंब कमी वाटला तेथें दोन.

घड्याळ सुरू झालें. पहिलें ‘टक्’ ऐकल्यावर मला जो आनंद झाला तसा माझा प्रबंध स्वीकारला गेला तेव्हांहि झाला नव्हता. प्राध्यापकांच्या खोलींत मीं ही हकीकत निदान चार वेळां सांगितली. ज्यांनीं पहिल्यांदा ऐकली नव्हती त्यांनीं चौथ्यांदा ऐकली. दुरुस्तीला त्या आठवड्यांत साडेतीनशें रुपये घेणाऱ्या एका नळजोडणीवाल्याचा दाखला देऊन मीं स्वावलंबनावर दोन वाक्येंहि बोललों. जून, जुलै हे महिने घड्याळ उत्तम चाललें.

आतां ऑगस्टांतल्या त्या दिवसाकडे आलें पाहिजे.

तृतीय वर्षाच्या वर्गांत सातारा जिल्ह्यांतल्या माण तालुक्यांतील एक मुलगी होती. माण म्हणजे पावसानें पाठ फिरविलेला मुलुख. तेथून इंग्रजी वाङ्मय शिकावयास पुण्यास येणें हें मोठें धाडस. तिचें नांव येथें घालणें तिला आवडणार नाहीं. शहरांतील एक विश्वस्त निधि अशा मुलामुलींच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च देतो. त्या अर्जावर विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती, आणि अर्ज देण्याची मुदत त्या दिवशीं सायंकाळीं पांचला संपत होती. इतका उशीर कां केलास, असें मीं तिला जिन्यांत विचारलें. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरींतून आदल्या दिवशीं मिळाला होता; गांवचा कोणी माणूस तो दुपारच्या एस. टी. नें घेऊन स्वारगेटवर उतरणार होता. तो आणून, प्रति काढून, ती तीनपर्यंत येऊं शकली असती. मीं सांगितलें, “बरोबर तीनला खालीं माझ्या गाडीपाशीं ये. मला दुसऱ्या महाविद्यालयांत सभेला जायचें आहे. तीननंतर थांबतां येणार नाहीं.” ती म्हणाली, “येते, सर.”

दुपारीं मी ग्रंथालयांत वाचीत बसलों होतों. तेथील भिंतीवरच्या घड्याळाची अप्रतिष्ठा आमच्याकडे फार जुनी आहे; त्याकडे पाहून कोणी गाडी पकडावयास जात नाहीं. त्यांत तीनला दहा कमी दिसले तेव्हां मी उठलों. खालीं येऊन पाहतों तों माझ्या घड्याळांत तीन वाजून अठरा मिनिटें! ग्रंथालयाच्या घड्याळाला मीं मनांतल्या मनांत एक शिवी दिली. मुलगी कोठें दिसेना. मीच अठरा मिनिटें उशिरां आलों होतों, तेव्हां ती येऊन वाट पाहून गेली असेल, असा विचार मनांत येणें शक्य होतें. तो आला नाहीं. अठरा मिनिटें झालीं तरी हिचा पत्ता नाहीं, एवढाच आला. आणखी दोन मिनिटें थांबलों. मग वहीचें पान फाडून त्यावर एक वाक्य लिहिलें आणि तें पहारेकऱ्याजवळ देऊन, ती आलीच तर तिला दे म्हणून सांगितलें. वाक्य असें: ‘दिलेली वेळ ज्याला पाळतां येत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगूं नये.’ वाक्य बरें साधलें, असें मला किक मारतांना वाटलें.

सभेच्या ठिकाणीं मी पोंचलों तेव्हां कोणीहि आलेलें नव्हतें. सभा फार उशिरां सुरू झाली. याचें मला मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. सभा उशिरांच सुरू होतात. त्या दिवशीं ती अगदीं वेळेवर सुरू झाली होती हें मला दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी नेहमींप्रमाणें गाडीपाशीं गेलों. शेजारच्या घरांत रेडिओवर सातच्या बातम्यांची घोषणा चालली होती, आणि माझ्या घड्याळांत आठ वाजून पंचवीस मिनिटें झालीं होतीं. काल सकाळीं याच वेळीं मीं कांटा लावलेला. चोवीस तासांत ऐंशीं मिनिटें. म्हणजे तासाला तीन मिनिटें आणि वीस सेकंद. तर मग काल दुपारीं, आठ तासांनंतर, किती? लहानपणीं पंतोजींनीं छडीच्या धाकानें शिकविलेलें त्रैराशिक जन्मांत इतक्या त्वरेनें सुटलें नव्हतें. सव्वीस-सत्तावीस मिनिटें. मीं ती चिठ्ठी दिली तेव्हां तीनसुद्धां वाजलेले नव्हते.

आमचे आजोबा गिरगांवांत राहत. सरकारनें १९०६ सालीं साऱ्या देशाला एकच वेळ लावून दिली, तरी मुंबई शहरानें आपली जुनी, एकुणचाळीस मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. आणि त्यामुळें भेट ठरवितांना ‘कोणती वेळ?’ असें विचारून घ्यावें लागे, ही हकीकत ते मोठ्या मौजेनें सांगत. आम्हां मुलांना हंसूं येई. त्या सकाळीं फाटकापाशीं उभा असतांना मला तें सारें आठवलें, पण हंसूं आलें नाहीं. मुंबईकर निदान विचारून घेत असत.

ती मुलगी पहिल्या तासाला नव्हती. दुसऱ्या तासानंतर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली. उठून उभी राहिली. मीं विचारलें, “काल तूं किती वाजतां आलीस?”

“तीनला दोन मिनिटं कमी होती, सर. पहारेकरी काका म्हणाले, आत्ताच गेले.”

“मग फोन कां नाहीं केलास?”

“केला, सर. तुमचा बंद असतो.”

“आणि माझी चिठ्ठी?”

“मिळाली.” एवढें बोलून ती गप्प राहिली. तिच्या जागीं मी असतों तर एवढ्यावर थांबलों नसतों.

मीं तिला सारें सांगितलें. आम्हीं दोघें तसेच त्या निधीच्या कचेरींत गेलों. तेथील कारकून सभ्य गृहस्थ होते. त्यांनीं माझें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि म्हणाले, “सर, मुदत काल पांचला संपली. आज एकासाठीं उघडली तर उद्यां दहा जण येतील.” हें वाक्य मीं स्वतः, वर्गाचें दार लावून घेतांना, गेलीं पंचवीस वर्षें उच्चारीत आलों आहें. त्यावर उत्तर नाहीं, हें माझ्याइतकें कुणाला ठाऊक असणार? विश्वस्तांना मीं पत्र लिहिलें. त्याचें उत्तर यथावकाश आलें, आणि तें कारकुनाच्याच शब्दांत होतें.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मीं तिला म्हटलें कीं वसतिगृहाचे अठरा हजार मी भरतों. तिनें मान हलविली. तिला पैशांची गरज नव्हती असें नाहीं. तिला आधीं दुसरेंच कांहीं हवें होतें. ती म्हणाली, “सर, तुम्ही बाबांना लिहून द्याल का, की चूक माझी नव्हती? मी काल रात्री फोनवर सगळं सांगितलं, चिठ्ठीपण वाचून दाखवली. ते म्हणाले, एवढे मोठे सर लिहितात ते उगीच लिहीत नसतील. तू कुठंतरी रेंगाळली असशील.”

मी तीस वर्षें भाषा शिकवितों. त्या रात्रीं एका शेतकऱ्याला आठ ओळींचें मराठी पत्र लिहावयास मला चार खर्डे करावे लागले. पहिल्या खर्ड्यांत ‘घड्याळांत निर्माण झालेल्या बिघाडामुळें’ अशी सुरुवात होती. वाचून पाहिलें तों सगळा दोष घड्याळावर. दुसऱ्यांत ‘वेळेसंबंधीं गैरसमज होऊन’ असें पडलें. म्हणजे गैरसमज आकाशांतून झाला. तिसरा खर्डा व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता, त्यांत कर्मणि प्रयोगाचीं पांच वाक्यें होतीं, आणि कर्ता शोधूनहि सांपडत नव्हता. विद्यार्थ्यांच्या निबंधांत असें आढळलें तर मी लाल पेन्सिलीनें ‘कोणीं?’ असें लिहितों. चौथ्यांत लिहिलें: ‘आपली मुलगी वेळेवर आली होती. मीं घड्याळ स्वतः दुरुस्त केलें, तें बिघडविलें, आणि त्यावर विश्वास ठेवून तिला वाटेल तें लिहिलें. मी चुकलों.’ तें तसेंच पाकिटांत घातलें. सौ. नें पत्ता वाचला आणि कांहींहि न विचारतां तिकिटें काढून दिलीं.

चार दिवसांनीं सायंकाळीं त्यांचा फोन आला.

“नमस्कार, सर. पत्र पोचलं.”

“मी फार—”

“आता काय, झालं ते झालं. मी पोरीला बोललो होतो लई, तेवढं माघारी घेतलं.” मग थोडा वेळ कांहींच ऐकूं येईना. “सर, एक विचारू का? घड्याळ कुणी दुरुस्त केलं म्हणालात?”

“मींच.”

“बरं,” ते म्हणाले.

या ‘बरं’ मध्यें उपहास नव्हता. असता तर बरें झालें असतें. पैशांचा विषय मीं काढला तेव्हां ते एकदम व्यवहारावर आले. दान नको, उसने चालतील. त्याची पावती करावयाची, आणि डाळिंबाचे पैसे हातांत आले कीं हप्त्यानें फेड. पावती मीं करून पाठविली. तिच्यावर दोघांच्याहि सह्या आहेत.

त्यानंतर घड्याळ घेऊन मी बुधवार पेठेंतील एका बोळांत, जेथें पहिल्याच दिवशीं जावयास हवें होतें, तेथें गेलों. घड्याळजी सत्तरीच्या घरांतले. त्यांनीं डोळ्याला भिंग लावलें, मागची तबकडी काढली, आणि भिंग न काढतांच विचारलें, “तेल कुणी घातलं?”

येथें वाचकांजवळ आणखी एक कबुली द्यावयाची राहिली. जें माणच्या शेतकऱ्याला लिहून दिलें तें पुण्याच्या घड्याळजीपुढें माझ्या तोंडून निघेना. मीं म्हटलें, “आमचे एक परिचित आहेत.”

“त्यांना पुन्हा हात लावू देऊ नका, साहेब,” ते म्हणाले. “हे शिलाई मशीन नव्हे.”

मग त्यांनीं मला भिंगांतून दाखविलें. बॅलन्सच्या चाकाला केसाएवढ्या बारीक पट्टीची एक सपाट गुंडाळी असते. हिला ते हेअर-स्प्रिंग म्हणतात. तिच्या श्वासोच्छ्वासावर चाकाचें मागेंपुढें होणें, आणि म्हणून घड्याळाची गति, अवलंबून. तिचीं वेटोळीं एकमेकांना कधींहि शिवतां कामा नयेत. मीं घातलेलें तेल दोन महिने पसरत पसरत तेथवर गेलें होतें, आणि पावसाळ्यांतल्या रस्त्याचे खड्डे व एका सिलिंडरच्या बुलेटची थरथर यांनीं एके दिवशीं दोन वेटोळीं तेलानें एकमेकांस चिकटविलीं. चिकटलीं म्हणजे तेवढी पट्टी निकामी झाली. स्प्रिंगची लांबी घटली, ती ताठरली, आणि चाक घाईनें डोलूं लागलें. माणूस असो कीं घड्याळ, तेल जास्त झालें कीं गति मंदावते अशी माझी समजूत होती. तें उलट धांवूं लागतें ही माहिती मला नवी होती.

माझी पक्की डाखहि त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. “हे राहिलं असतं तर पुढच्या खेपेला कॉइलच जळालं असतं,” एवढेंच ते बोलले. परिचितांविषयीं त्यांचें मत आणखी खालावलेलें दिसलें. घड्याळ आठ दिवस त्यांच्याकडे राहिलें. सगळीं चाकें पेट्रोलांत धुतलीं, वाळविलीं, सुईच्या टोकाला राहील इतकेंच घड्याळाचें तेल फक्त टोंकांच्या भोंकांत दिलें, हेअर-स्प्रिंगला मुळींच नाहीं, सांधा पुन्हां मऊ डाखेनें जोडला. माझ्या सहकाऱ्यांच्या सूचनेवरून वेटोळ्याला समांतर एक लहानसा डायोड बसविला. वीज तुटतांना वेटोळ्यांतून जो उलटा झटका येतो आणि पॉइंटवर ठिणगी पाडतो, तो यानें आंतल्या आंत जिरतो. पट्टीखालीं मीं रबराच्या चकत्या घातल्या. एवढें काम मला जमतें. घड्याळजींनीं सहाशें रुपये घेतले. मीं घासाघीस केली नाहीं.

फोन आतां चालू असतो. वर्गांत तो वाजला कीं मुलें माझ्याकडे पाहतात आणि मी खिडकीबाहेर पाहतों.

पुढच्या जानेवारींत तिचे वडील पुण्यास आले. मुलीला भेटून दुपारीं आमच्या घरीं आले. बरोबर डाळिंबांची पिशवी होती, ती व्याजांत धरूं नका म्हणाले. चहा झाला. पहिल्या हप्त्याचे तीन हजार त्यांनीं मेजावर मोजून ठेवले, पावतीच्या पाठीवर तशी नोंद करवून घेतली, आणि उठतांना म्हणाले, “ते घड्याळ बघायचं होतं, सर.” मी त्यांना अंगणांत घेऊन गेलों. ते वांकून तबकडीकडे पाहत राहिले. मध्येंच ‘टक्’ झालें तेव्हां मागें सरले, मग पुन्हां वांकले. खिशांतून फोन काढून त्यांनीं दोहोंतली वेळ ताडून पाहिली.

“दोन मिनिटं मागं आहे,” ते म्हणाले.

“सकाळीं लावलें होतें,” मीं म्हटलें.

त्यांनीं फोन खिशांत ठेवला, आणि साडेचारची एस. टी. कुठल्या फलाटाला लागते तें विचारलें.